मंडळीचा इतिहास : तालुक्याच्या गावातल्या चर्चच्या दप्तराच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

उपासना सुटल्यावर चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीने वेस्ट्रीतलं (पाळकांच्या खोलीतलं) लोखंडी कपाट उघडून दिलं. आत मिळालं ते असं : बाप्तिस्म्याच्या वह्या, लग्नाच्या वह्या, दफनाची एक जाड वही, पंचकमिटीची इतिवृत्तं, दानार्पणाच्या खतावण्या, शब्बाथशाळेचं हजेरीपुस्तक, पाळकांचा पत्रव्यवहार आणि जमिनीच्या कागदांचं कापडी बासन.

कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक कप्प्याचा फोटो काढला. कोणती वही कोणत्या वहीशेजारी होती, बासनात कोणता कागद कोणात घडी घालून ठेवला होता, हीसुद्धा माहितीच असते. तारीख नसलेलं पत्र कोणत्या वर्षाच्या गठ्ठ्यात होतं, एवढ्यावरून त्याचं वर्ष पुष्कळदा ठरतं. सगळं काढून ‘नीट लावून’ ठेवलं की तो धागा कायमचा तुटतो.

प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला, मऊ पेन्सिलीने, मलपृष्ठाच्या आतल्या कोपऱ्यात. बॉलपेन, चिकटपट्टी, स्टेपल आणि रबरबँड या खोलीत आणायचे नाहीत.

कामाचा रोख आजच लिहून ठेवतो. मराठवाड्यातल्या मंडळ्यांचा, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांचा, इतिहास आजवर बहुतेक मिशनच्या अहवालांवरून लिहिला गेला. ते अहवाल परदेशातल्या देणगीदारांसाठी असत. त्यात साहेबांचे दौरे सापडतात, पण खेड्यात राहून शाळा चालवणारा मास्तर ‘आमचा एक नेटिव्ह सेवक’ एवढ्यावर संपतो. घरोघरी बायबल सांगणाऱ्या बायबलबाईचं तर नावही क्वचित येतं. ती नावं मंडळीच्या वह्यांत आहेत. म्हणून आधी वह्या आणि मग अहवाल, हाच क्रम.

९ फेब्रुवारी

वह्यांची प्रकृती तपासली. त्रास तीन प्रकारचा आहे.

कसर : पानांच्या कडा कुरतडलेल्या, शिवणीत बारीक भुगा. अशा वह्या जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून, तोंड पक्कं बंद करून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायच्या. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ थेट कागदावर धरते. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरत नाही, कारण दार उघडझाप होऊन तापमान सारखं वर-खाली होतं. डांबरगोळ्या काढून टाकल्या. त्यांच्या वाफेने माणसाचं डोकं दुखतं आणि अंडी मात्र मरत नाहीत.

शाई : जुन्या नोंदी लोहाच्या शाईच्या आहेत. अक्षराच्या मागच्या बाजूला तपकिरी डाग उमटला असेल, तर शाई कागद खाते आहे असं समजावं. अशा पानाला पाणी किंवा ओली खळ लावायची नाही. ओलाव्याने लोह आजूबाजूला पसरतं आणि धोका वाढतो. ही पानं फक्त आडवी, दाबाशिवाय ठेवायची आणि त्यांचे फोटो सगळ्यांत आधी काढायचे.

चिकटपट्टी : मागे कोणीतरी चांगल्या हेतूने फाटक्या पानांवर पारदर्शक पट्टी लावली आहे. ती पिवळी पडली असून तिच्या डिंकाखाली अक्षरं पुसट झाली आहेत. ओढून काढली तर शाईसकट निघेल. ती तशीच ठेवायची.

जिथे शाई कोरडी, पक्की आहे आणि फक्त कड फाटली आहे, तिथे जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. कुरडयांना काढतो तसा चीक काढून, वरचं पाणी पुन्हापुन्हा बदलून, तळाचा पांढरा स्टार्चच घ्यायचा. वरचा करडा थर टाकून द्यायचा. एक भाग स्टार्चला पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत घोटायचं, गार करून गाळायचं. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही, बुरशी येते. मोरचूद घालण्याची जुनी रीत टाळावी, तांब्याने कागद काळवंडतो.

लॅमिनेशनची सूचना आली होती. ती मान्य केली नाही. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि आतल्या आत कागद कुजतो.

२३ फेब्रुवारी

फोटोची मांडणी. वहीचं पान साधारण १३ बाय ८ इंच आहे. ४०० पीपीआय (इंचाला ४०० पिक्सेल) हवे असतील तर एका पानाला ५२०० बाय ३२०० पिक्सेल लागतात. उघड्या जोडपानाला ५२०० बाय ६४०० लागतील, म्हणजे ३३ मेगापिक्सेलच्या वर. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, त्यामुळे एका वेळी एकच पान. जोडपान घेऊन वेळ वाचवला तर रकान्यातली बारीक अक्षरं, विशेषतः गावांची नावं, पुढे वाचता येत नाहीत.

कॅमेरा खाली तोंड करून स्टँडला, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, दोन्ही एकाच बनावटीचे. छिद्र एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा विलंब. फ्लॅश नाही, खिडकी बंद. प्रत्येक वहीच्या पहिल्या फोटोत रंगपट्टी आणि मोजपट्टी. कोरी पानंही घ्यायची, नाहीतर नंतर वाचणाऱ्याला पान राहिलं की कोरं होतं हे कळत नाही.

फाइलच्या नावात वहीचा प्रकार, क्रमांक, पान एवढंच, रोमन अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता. एक टिफ फाइल सुमारे ७२ एमबी होते. ३०० पानांच्या वहीला साधारण २२ जीबी लागतात. तीन प्रती : एक चर्चमध्ये, एक सेक्रेटरींच्या घरी, एक दुसऱ्या गावी.

१६ मार्च

बिनतारखेची पत्रं लावायला घेतली. इथे पत्राच्या माथ्यावर छापलेलं नाव फार उपयोगी पडतं, कारण मिशनचं आणि चर्चचं नाव ठरावीक वर्षी बदलत गेलं.

आपली मंडळी जालन्याच्या स्कॉटिश कामातून निघाली. माथ्यावर नुसतं ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड’ असेल तर तो कागद १९०० च्या आधी छापलेला. १९०० मध्ये युनायटेड प्रेसबिटेरियन चर्चशी एकीकरण झालं आणि ‘युनायटेड फ्री चर्च’ हे नाव आलं. १९२९ पासून ‘चर्च ऑफ स्कॉटलंड’. इकडे भारतात प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी १९२४ साली ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ केली. जुन्या माणसांच्या तोंडी ती ‘यूसीएनआय’. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली.

शेजारच्या मंडळ्यांच्या कागदांनाही हाच नियम, फक्त वर्षं वेगळी. औरंगाबादकडे चर्च मिशनरी सोसायटीचं (सीएमएस), म्हणजे अँग्लिकन काम होतं. तिथल्या पारशी समाजातून आलेल्या रेव्ह. रतनजी नवरोजींचं नाव अहवालांत वारंवार येतं. बीदरकडून उदगीर-लातूरच्या पट्ट्यात आलेलं काम अमेरिकन मेथडिस्टांचं. ती मंडळी १९७० च्या एकीकरणात सामील झाली नाही आणि १९८१ मध्ये ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून स्वायत्त झाली. सगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांना एकाच मिशनची लेकरं समजणं ही स्मरणिकांमधली सर्रास चूक आहे.

सावधान : जुने छापील कागद संपेपर्यंत वापरले जात. त्यामुळे माथा फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच खात्रीने सांगतो, ‘याच्या नंतरचं नाही’ हे नाही.

२३ मार्च

जालन्याच्या कामाची पार्श्वभूमी एका पानात लिहिली. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा मुंबईत १८४३ मध्ये झाला. स्कॉटलंडमध्ये फ्री चर्च वेगळी झाली तेही याच वर्षी. १८५४ मध्ये त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. १८६० च्या दशकात ते जालन्यात स्थिरावले आणि पुढे शहराबाहेर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. जमीन निजाम सरकारकडून मिळाली, तेव्हा दिवाण सालारजंग होते. १८७३ मध्ये शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला गेले होते. १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं.

मराठवाड्यातलं हे मोठं काम एका मराठी माणसाने उभं केलं आणि बेथेलला जमून आलेली कुटुंबं प्रामुख्याने मांग व महार समाजातली होती. या दोन्ही गोष्टी पहिल्या परिच्छेदातच यायला हव्यात. तळटीपेत टाकण्यासारख्या त्या नाहीत.

६ एप्रिल

बासनातले सरकारी कागद. तारखा फसली सनाच्या, म्हणजे महसुली वर्षाच्या आहेत आणि इथेच सगळ्यांत जास्त घोटाळे होतात.

हैदराबाद संस्थानातलं फसली वर्ष आजूर महिन्याने, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. महिन्यांचा क्रम : आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेला फसली सनात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे आजूर १३३८ हा १९२८ चा ऑक्टोबर आणि खुर्दाद १३३८ हा १९२९ चा एप्रिल-मे. बहमनमध्ये इंग्रजी वर्ष मधेच बदलतं, म्हणून बहमनच्या कागदाला दोन्ही वर्षं लिहून ठेवायची आणि दुसरा पुरावा मिळेपर्यंत ठरवायचं नाही.

मुंबई इलाख्यातल्या फसलीचा हिशेब वेगळा, तिथे वर्ष जूनमध्ये बदलतं. नगर जिल्ह्यातल्या छापील कोष्टकाने आपले कागद लावले तर जून ते सप्टेंबरचे सगळे कागद चुकतात. त्याहून जुन्या सनदा हिजरीत असतात. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं चांद्र वर्ष, त्यामुळे तिथे ठरावीक आकडा मिळवून चालतच नाही, कोष्टकच पाहिजे.

मंडळीच्या वह्या मात्र इंग्रजी तारखांच्या आहेत. त्यांची पडताळणी वाराने होते. बाप्तिस्मे बहुतेक रविवारी किंवा सणाला होत. २० एप्रिल १९२४ ची नोंद असेल तर तो पुनरुत्थानाचा रविवार, बसतं. आडवाराची तारीख आली तर पाळकाचा खेड्यातला दौरा होता का, ते इतिवृत्तात बघायचं.

उर्दू शिकस्ता (घाईचं, जोडून लिहिलेलं अक्षर) वाचायला निवृत्त तलाठी किंवा जुने अर्जनवीस सर्वांत चांगले. त्यांना महसुली शब्द सवयीचे असतात, शिकलेला उर्दूचा शिक्षकही तिथे अडतो. मोडीचे कागद वेगळ्या पाकिटात काढले.

२० एप्रिल

पुनरुत्थान दिन. काम बंद.

२७ एप्रिल

दानार्पणाच्या खतावण्या. बेरजा जुळत नव्हत्या, कारण रकमा दोन चलनांत आहेत. संस्थानचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार. दर ७ हालीला ६ कलदार. ३५ रुपये हालीचे ३० कलदार होतात. पाळकांचा पगार मिशनकडून आला की कलदारमध्ये, मंडळीचं दान मात्र बाजारातल्या पैशात, म्हणजे हालीत. ‘हा.’ आणि ‘क.’ अशी बारीक अक्षरं रकमेच्या डावीकडे आहेत, फोटोत ती कापली जाणार नाहीत इतका समास ठेवा. १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे. त्या वर्षाच्या पानांवर काही काळ दोन्ही पद्धती शेजारीशेजारी दिसतील.

ही खतावणी इतिहासासाठी इतिवृत्ताइतकीच मोलाची आहे. दान कोणी, कशात दिलं ते इथे आहे : ज्वारीच्या पायल्या, कोंबडी, सरकी, मूठधान्य. बायका रोज स्वयंपाकाआधी पिठातली, दाण्यातली मूठ बाजूला काढत आणि महिन्याने ती चर्चमध्ये येई. मिशनच्या अहवालात याचे एकूण रुपये होऊन जातात. इथे घराघराची नावं आहेत. मंडळी ‘मिशनच्या पैशावर चालली’ असं जे सहज म्हटलं जातं, त्याला उत्तर या रकान्यांत आहे. म्हणून प्रत्येक ओळ उतरवायची, नुसती वर्षाची बेरीज नाही.

११ मे

बाप्तिस्म्याच्या नोंदी तक्त्यात भरणं. रकाने : क्रमांक, बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख किंवा वय, नवं नाव, पूर्वीचं नाव, आईबापांची नावं, गाव, धंदा, विधी करणारा पाळक, साक्षी, शेरा. जसं लिहिलंय तसंच उतरवायचं, दुरुस्ती वेगळ्या रकान्यात.

गावांच्या नावांत खूप फसगत होते. आंबेजोगाई जुन्या कागदांत मोमिनाबाद आहे. बीडचं भीर. जालना १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादमध्ये, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात. त्यामुळे ‘जिल्हा बीदर’ पाहून माणूस कर्नाटकातून आला असं लिहू नका.

माणसांच्या नावांचं जास्त जपून. एकच माणूस बाप्तिस्म्याच्या वहीत शामुवेल, शाळेच्या दाखल्यावर शामराव आणि सात-बारावर आजोबांच्या नावाने येतो. याला कारण आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना त्या मिळाल्या नाहीत. कितीतरी घरांत कागदावर एक नाव आणि मंडळीत एक नाव अशी दोन आयुष्यं चालत आली. जोडणी करताना बापाचं नाव, गाव आणि साक्षीदार या तिन्हींपैकी दोन जुळले तरच एक व्यक्ती मानायची.

ठराव : गेल्या शंभर वर्षांतल्या नोंदींचा तक्ता बाहेर जाणार नाही. पूर्वीच्या जातीचा रकाना कोणत्याही छापील पुस्तकात नावासह येणार नाही. कोणाच्या घराला यामुळे त्रास होईल असा इतिहास आपल्याला नको.

१८ मे

दफनाची वही. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं आधी बघायची, इन्फ्लुएंझाची लाट त्या महिन्यांत सगळ्या दख्खनेत होती. मृत्यूच्या कारणात नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असतं. प्लेगच्या वर्षांत गाव सोडून माळावर राहिलेल्यांची नोंद महिन्यांनी एकदम केलेली असू शकते. एकाच हाताने, एकाच शाईने सलग बऱ्याच तारखा लिहिलेल्या दिसल्या की ती नंतरची नोंद समजून तारखेपुढे प्रश्नचिन्ह.

१ जून

दफनभूमी. पावसाआधी उरकायचं म्हणून पहाटे. काळ्या दगडावरची अक्षरं दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात वाचता येत नाहीत. सूर्य तिरपा असताना किंवा आरशाने उजेड बाजूने पाडून फोटो घ्यायचे. शहाबादी फरशीवरची अक्षरं पापुद्रे सुटून जातात, त्या आधी.

साफ करायला फक्त पाणी आणि मऊ कुंचला. तारेचा ब्रश, ॲसिड, धुण्याचा सोडा नाही. अक्षरांत खडू किंवा रंग भरायचा नाही. रंग भरताना माणूस आपल्याला वाटतं ते अक्षर भरतो, आणि पुढच्याला मूळचं दिसत नाही. कबरींचा नकाशा ओळीने, दोन पक्क्या खुणांपासून टेपने मोजून : विहिरीचा कठडा आणि फाटकाचा उत्तरेकडचा खांब. बिनदगडाच्या मातीच्या कबरीही नकाशात घ्यायच्या. त्याच जास्त आहेत आणि त्याच आधी नाहीशा होतात.

१५ जून

जमिनीचे कागद. मराठवाड्यात मागचा माग काढायचा तर १९५४-५५ चं खासरा पत्रक, त्यापुढची पहाणी पत्रकं, मग सात-बारा. गावठाणात असेल तर नगर भूमापनाची मिळकत पत्रिका. विश्वस्त नोंदणीसाठी धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा काढायचा. मिळकतीचा रकाना आणि विश्वस्तांची नावं दोन्ही नीट वाचा. विश्वस्त वारले आणि बदल अर्ज झाला नाही, हे बहुतेक ठिकाणी निघतं.

क्षेत्र ताडून पाहण्याची सोपी रीत : लांबी आणि रुंदी फुटांत मोजून गुणाकार, भागिले १०८९, उत्तर गुंठ्यांत. ३३० बाय २६४ फुटांचं आवार ८० गुंठे, म्हणजे २ एकर. कागदावर जास्त आणि जागेवर कमी भरलं तर आधी रस्तारुंदीकरणाचा कागद शोधा, अतिक्रमणाचा निष्कर्ष नंतर.

२९ जून

पाऊस. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की वह्या उघडायच्या नाहीत, बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून वीतभर दूर. पावसाळाभर वयस्कांच्या मुलाखती.

विचारताना वर्ष विचारायचं नाही. ‘रझाकाराच्या वेळी तुम्ही कोणत्या इयत्तेत?’, ‘पोलिस ॲक्शन झाली तेव्हा पाळक कोण?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेलं?’, ‘किल्लारीच्या भूकंपाआधी की नंतर?’ असं विचारलं की तारखा आपोआप बसतात. आजीबाईंना गाणी आधी म्हणू द्या. रेव्ह. ना. वा. टिळकांचे अभंग कोणत्या चालीत म्हणत, कीर्तन कोण करी, मृदंग कोणाकडे होता, इथून आठवणी सुटतात. सासरी आलेल्या बाईला माहेरची मंडळीही विचारा. आपल्या भागातल्या मंडळ्या सोयरिकीने जोडल्या गेल्या आहेत, ते कोणत्याही अहवालात नाही. मुलाखत संपली की त्याच दिवशी नावं आणि गावं त्यांच्यासमोर वाचून दाखवायची.

२७ जुलै

स्थापनेच्या वर्षाचा प्रश्न. चार निरनिराळी वर्षं असतात आणि स्मरणिकांत ती एकमेकांत मिसळतात : पहिला प्रचार, पहिला बाप्तिस्मा, वडील (मंडळीचे निवडलेले कारभारी) निवडून मंडळी संघटित झाली ते वर्ष आणि इमारतीचं समर्पण. दर्शनी दगडावर असतं ते इमारतीचं. तोही दगड दुरुस्तीत नव्याने कोरून बसवलेला असू शकतो. अक्षरांची ठेवण, चुन्याऐवजी सिमेंटचा सांधा, यावरून ते कळतं.

उपसमितीचं मत : जुबिलीची वर्षं मंडळी संघटित झाल्याच्या वर्षापासून मोजावीत. प्रचाराचं वर्ष प्रचारकाचं असतं, इमारतीचं गवंड्याचं. गावातल्या माणसांनी आपल्यातून वडील निवडले, स्वतःचं दान स्वतः मोजलं आणि पहिलं इतिवृत्त लिहिलं, ते वर्ष मंडळीचं. चारही वर्षं कालपटात वेगवेगळ्या रकान्यात राहतील. प्रत्येकासमोर किमान दोन पुरावे, एकच असेल तर तसं स्पष्ट.

२४ ऑगस्ट

बाहेरच्या दप्तरांसाठी पत्रांचे मसुदे. निजाम काळाचे सरकारी कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात. स्कॉटिश मिशनचा पत्रव्यवहार एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. औरंगाबादच्या सीएमएस कामाचा बर्मिंगहॅम विद्यापीठात. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या ज्ञानोदयाच्या जुन्या अंकांत मंडळ्यांच्या वार्ता, मृत्युलेख आणि पाळकांच्या बदल्या आहेत.

मागणी करताना ‘आमच्या चर्चची सगळी माहिती’ असं लिहिलं की उत्तर येत नाही. गावाचं नाव, त्याची जुनी इंग्रजी स्पेलिंगं आणि दहा वर्षांची मर्यादा द्यायची. पहिल्या पत्रात १८९० ते १९०० मागितलं आहे. छप्पन्नच्या (विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) दुष्काळात आलेल्या कुटुंबांची नावं आपल्या वहीत आहेत, ती कोणत्या खेड्यांतून आली ते अहवालात असेल. वहीची फाटलेली पहिली पानंही त्याच काळातली, आणि तिमाही गोषवाऱ्यात त्यांची नक्कल गेली असेल तर तीही मागायची.

दुसरी बाप्तिस्मा वही ऊन पडलं की फोटोला.